पेटी कोणी भरली

कुंदाताई गेल्याचं मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी तेव्हा जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या एजन्सीच्या शीतगृहात होतो, म्हणजे एकेकाळच्या तिच्याच खोलीत. ‘कु. कुंदा वैरागडे यांचे आज पहाटे हृदयविकाराने निधन’ एवढाच मजकूर, आणि खाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. त्या रांगेत मीही दोन हात जोडून पाठवले आणि पुन्हा इन्सुलिनची खोकी मोजायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी तेच खोकं तिसऱ्यांदा मोजतोय. अंत्ययात्रेला गेलो नाही. बायकोला सांगितलं, काम होतं. काम काय, रोजच असतं. ताईला जाऊन आता सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी निरोप पाठवला, तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, चार चांगले शब्द लिहा. तिच्याबद्दल चांगले शब्द लिहायला मला कष्ट पडणार नाहीत. पण ते लिहायचे तर दुसरंही काही लिहावं लागतं, आणि ते मी नऊ वर्षं कुणाजवळ बोललेलो नाही…

घमापुरात आमची आणि तिची गल्ली एकच. तिचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ही त्यांची धाकटी मुलगी, फार्मसीचा डिप्लोमा केलेली, लग्न न केलेली. का नाही केलं हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. मी बी.कॉम. होऊन बडा फुहाऱ्याजवळच्या एका कापड दुकानात दिवसभर तागे उलगडत आणि गुंडाळत होतो, तेव्हा माझी आई तिच्याकडे शब्द टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी ताईनं मला एजन्सीत नेलं आणि शेठजींपुढे उभं करून म्हणाली, लड़का अपना है. आमची एजन्सी म्हणजे बाळांच्या लसी, इन्सुलिन, काही नाजूक इंजेक्शनं, जे जे दोन ते आठ अंशांत राहायला हवं ते कंपन्यांकडून आणायचं आणि मंडला, दिंडोरी, नरसिंहपूरपर्यंतच्या दवाखान्यांना पोचवायचं. शीतगृह ताईच्या ताब्यात. बाहेर मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत डांबर वितळतंय आणि ही बाई तपकिरी मर्दानी स्वेटर घालून टपरीवर चहा पितेय, हे दृश्य सगळ्या रस्त्याच्या ओळखीचं होतं. टपरीवाला म्हणायचा, दीदी तर शिमल्यालाच राहतात.

तिला एक खोड होती. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी वाण घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून फ्रिज उघडायची. पर्समध्ये छोटा थर्मामीटर असे, तो मधल्या फळीवर ठेवायची आणि निघताना काढून बघायची. कुणाचं इन्सुलिन दारातल्या कप्प्यात दिसलं की संपलंच. फ्रिजच्या दारात औषध ठेवणं म्हणजे फाटकात पाळणा टांगणं, असं म्हणून स्वतःच्या हातानं ते मधे सरकवायची. आणि कुणी हौसेनं बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलं असेल तर त्याहून जास्त चिडायची. बायका मागे हसत. मीही हसायचो. पण गल्लीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांचं इन्सुलिन त्या आगाऊपणामुळे नीट राहिलं, हे कुणी कधी बोललं नाही.

मला तिनं पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, की या धंद्यात सगळे उन्हाला भितात आणि मार थंडीकडून खातात. धनुर्वात, घटसर्प, कावीळ यांच्या लसी उन्हानं हळूहळू बिघडतात, पण एकदा गोठल्या की तिथंच कामातून जातात, आणि नंतर वितळल्या की वरवर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून लस न्यायच्या पेटीत ठेवायचे बर्फाचे पॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेले ते प्लॅस्टिकचे चपटे डबे, डीप फ्रीजरमधून काढून थेट भरायचे नाहीत. टेबलावर पसरायचे आणि वाट पाहायची. आधी त्यांच्यावर पांढरं दव धरतं, मग त्यांना घाम फुटतो, मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा खुळखुळाट ऐकू आला की पॅक ‘वाजला’. उन्हाळ्यात अर्धा तास लागतो, जानेवारीत दीड तासही. सगळे वाजले की पॅक आणि बाटल्यांच्या मधे पुठ्ठा घालून पेटी भरायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं: वाजले, अमुक वेळ, आणि सही. हा शब्द तिचा. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात तो नाही. बाहेर गाडीवाला हॉर्न देतोय, दवाखान्यातून फोन येताहेत, आणि ही टेबलापाशी उभी राहून एकेक पॅक कानाला लावतेय. मी चुळबुळ करायला लागलो की म्हणायची, “घाई काहून करून राहिला? बर्फाला घाम फुटू दे आधी.”

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दिंडोरीकडच्या एका लहान दवाखान्यात मुलांचं लसीकरण शिबिर होतं. लस आमच्याकडून जायची होती. त्या दिवशी ताईला बहिणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. अकरा वाजता तिनं पॅक काढून टेबलावर पसरले, मला म्हणाली, “वाजेस्तोवर भरू नको. मी नाही म्हणून चटकन उरकशील,” आणि गेली. दहा मिनिटांत तिकडून डॉक्टरांचा फोन आला. पाठोपाठ दुसरा. गाडीवाले रज्जू भैया दारात येऊन उभे राहिले. शेठजी केबिनमधून डोकावून गेले. मी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. उन्हानं समोरची दुकानं डोळ्यांसमोर हलत होती, चार तासांचा रस्ता, गाडी साधी. मला अगदी मनापासून वाटलं, या उन्हात थंडी जास्त झाली तर बिघडतं काय? ताईचे नियम या थंड खोलीत ठीक आहेत… मी टेबलावरचे दमट झालेले पॅक परत फ्रीजरमध्ये टाकले आणि तळाचे, हाताला चिकटतील असे कडकडीत पॅक काढून भरले. दोन जास्त मावावेत म्हणून मधला पुठ्ठाही काढला. पेटी गेली. एवढं झाल्यावर रजिस्टर समोर आलं. ‘वाजले, ११-४०’ असं लिहिलं, आणि पुढे तिची आद्याक्षरं टाकली: कुं. वै. माझी टाकली असती तर संध्याकाळी तिनं विचारलं असतं, स्वतःच्या आद्याक्षरांवरून तिची नजर पुढे गेली असती, एवढाच विचार होता. पकडलं जाऊ नये म्हणून नाही, बोलणी खावी लागू नयेत म्हणून. मोठी पापं मोठ्या कारणांसाठी होत असतील. माझं एवढ्याशा कारणासाठी झालं.

तिसऱ्या दिवशी पेटी परत आली. शिबिर निम्म्यावर आलं असताना तिथल्या वयस्कर सिस्टरला एका बाटलीच्या तळाशी कणी दिसली आणि तिनं सुई खाली ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती. ताईनं परत आलेली एक बाटली बाजूला घेतली. त्याच लॉटची आमच्याकडची एक चांगली बाटली घेतली. आणि त्याच लॉटची तिसरी एक मुद्दाम डीप फ्रीजरमध्ये गोठवून दुसऱ्या दिवशी वितळवली. मग तिन्ही शेठजींच्या टेबलावर खिडकीच्या उजेडात आणून, सारख्याच हलवून, शेजारी शेजारी ठेवल्या. हीच या कामातली परीक्षा. चांगली लस बराच वेळ ताकासारखी गढूळ राहते, गोठून गेलेली भराभर खाली बसते. अर्धा तास पाहायचं असतं. शेठजी घड्याळ काढून बसले. मी भिंतीला टेकून उभा. पाच-सात मिनिटांतच काय ते दिसायला लागलं होतं, चांगली बाटली पांढरी आणि बाकीच्या दोन्हींत वर नितळ पाणी, तळाशी साका. तरी ताई पूर्ण अर्धा तास बसली. आणि बाटल्यांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

अर्ध्या तासानं शेठजींनी रजिस्टर मागवलं. पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, “दीदी, ये तो आपने लिखा है.” ताईनं रजिस्टर स्वतःकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. तिचा ‘वै’ मी कधी नीट पाहिला नव्हता. ती वरच्या दोन मात्रा एकमेकींपासून लांब काढायची, मी चिकटवून काढल्या होत्या. तिला ते पहिल्या क्षणी कळलं असणार. ती त्या दिवशी अकरानंतर ऑफिसात नव्हती, हे सांगायलाही तिला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “नाम तो मेरा ही है, शेठजी.” आणि उठली.

बाहेर पॅसेजमध्ये मी तिच्या मागे गेलो. पाया पडावं असं मनात होतं की काय, आठवत नाही. ती थांबली आणि तिनं मला एवढंच विचारलं, किती मुलांना टोचलं ते फोन करून विचारलं का? मी विचारलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. चार दिवस मी फक्त माझाच विचार करत होतो. तेव्हा ती जे बोलली ते आजही मला शब्दाशब्दानं ऐकू येतं: “तू सांगशील म्हणून बसली होती मी. अर्धा तास होता तुझ्यापाशी.”

सतरा मुलांना टोचलं होतं. सिस्टरनं सुई खाली ठेवली नसती तर आणखी टोचलं असतं. डॉक्टरांचं म्हणणं, लसीनं अपाय होणार नाही पण तो डोस दिलाच नाही असं धरायचं, सगळ्यांना पुन्हा द्यायला हवा. पण शिबिराला आलेली मुलं आसपासच्या खेड्यांतली, पुन्हा कोण बोलावणार? ताईनं रजा काढली आणि बसनं गेली. त्या सिस्टरबरोबर पाड्यापाड्यानं फिरली, पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन. असं ती किती वेळा गेली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, बरोबर येतो म्हणालो नाही. इकडे शेठजींनी तिला शीतगृहातून काढून समोरच्या काउंटरवर बसवलं आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. मुंगीनं खणलेलं ते बीळ, तिनं वीस वर्षं खणलेलं. चार महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. निरोप समारंभात मीच बोललो. बरं बोललो, असं सगळे म्हणाले.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे त्या शिबिराच्या तीन महिने आधी, माझ्या मुलीचा लसीचा डोस होता. लस आमच्याच शीतगृहातून घेतली. ताईनं पॅक काढून दिले आणि दुसऱ्या कामाला लागली. मी स्टुलावर बसून राहिलो, पाऊण तास, एकेक पॅक कानाला लावत, पाणी हललं का ते ऐकत. शेवटचा पॅक वाजेपर्यंत मी पेटीला हात लावला नाही. म्हणजे मला नियम कळत नव्हता असं नाही. कुणाच्या लेकरासाठी थांबायचं आणि कुणाच्या नाही, हे मी ठरवत होतो.

पुढच्या वर्षांत माझं बरं चाललं. महासाथीच्या काळात शीतसाखळी हा शब्द पेपरातून सगळ्यांच्या तोंडी आला, आणि जबलपुरात तो कुणाला समजावून सांगायचा झाला की मला बोलावणं येई. प्रशिक्षणाला आलेल्या मुलामुलींपुढे मी पॅक कानाला लावून दाखवायचो आणि म्हणायचो, बर्फ को पसीना आने दीजिए. लोक हसत, लिहून घेत. वाक्य कुणाचं आहे हे मी एकदाही सांगितलं नाही. मराठी मंडळानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. ताई चौथ्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या तिनं, त्याही बेतानं नाही, चांगल्या मोठ्यानं. नंतर चहाच्या गर्दीत जवळ येऊन म्हणाली, चांगलं बोलला. मग, “पॅक वाजतात ना रे?” मी म्हणालो, हो ताई. दर गणपतीत, दर दिवाळी मिलनात ती हाच प्रश्न विचारायची आणि मी हेच उत्तर द्यायचो. चोराच्या मनात चांदणं, मला दर वेळी वाटायचं की आता ही पुढचं विचारणार. तिनं ते कधीच विचारलं नाही, आणि म्हणूनच मी तिला टाळायला लागलो. ती जाण्याच्या दोन महिने आधी गोरखपूरच्या बाजारात मला लांबून दिसली. बारीक झालेली, दर चार पावलांवर थांबून दम खाणारी. मी आंब्याच्या हातगाडीआड वळलो आणि नको असलेल्या दशहरी आंब्यांचा भाव करत उभा राहिलो, ती निघून जाईपर्यंत. शेवटची भेट म्हणायची तर हीच.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिच्या भाचीचा, मृणालचा फोन आला. ही त्या बहिणीची मुलगी, जिला घेऊन ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. मृणाल इथंच वाढलेली, मराठी समजतं पण बोलताना निम्म्यावर हिंदीत शिरते. म्हणाली, एकदा येऊन जा. मी घमापूरच्या त्या दोन खोल्यांत गेलो. तिचा फ्रिज चालू होता, आणि त्याच्या मधल्या फळीवर थर्मामीटर तसाच पडलेला. फ्रिजमध्ये दुसरं काही नव्हतं. मृणालनं निळ्या पुठ्ठ्याची एक शाळकरी वही आणून माझ्या हातात दिली. “मौसी बोली थी, विनय येईल वही घ्यायला. मी म्हटलं, फोन कर ना उनको. तर म्हणाली, नाही, तो आपणहून येईल. मग आप आए ही नहीं, इसलिए मैंने फोन किया.”

वही मी तिथंच उघडली. आत सतरा नावं. प्रत्येकापुढे वय, पाडा, आईचं नाव, पुन्हा डोस दिल्याची तारीख आणि बरोबरची खूण. सोळा खुणा होत्या. सतराव्या ओळीत रोशनी, वय दीड, आई-वडील कामाला नागपूरकडे. तिच्यापुढे खूण नाही, पण बारीक अक्षरांत नोंदी आहेत, वेगवेगळ्या शाईच्या. दिवाळीत गावी आले नाहीत. होळीला आजी भेटली, आता बुटीबोरीला असतात म्हणते. फोन लागत नाही. सिस्टर निवृत्त झाली, नवीनला सांगितलं. अशा आठ-नऊ नोंदी, शेवटची यंदाच्या होळीची. ज्या बाईला बाजारात चार पावलं चालवत नव्हतं ती यंदाच्या होळीला दिंडोरीच्या बसमध्ये बसली होती. मी मान वर करू शकलो नाही. मृणालला वाटलं मी मौसीसाठी रडतोय, तिनं पाणी आणून दिलं.

वहीचं पहिलं पान मी सगळ्यात शेवटी पाहिलं. तिथं तिनं त्या पेटीची सगळी हकीकत तिच्या पद्धतीनं लिहून ठेवली होती. लसीचं नाव, लॉट, पेटी निघाल्याची वेळ, परत आल्याची तारीख, परीक्षा केल्याची तारीख, निकाल: गोठलेली. त्याखाली ‘पेटी कोणी भरली’ असं लिहून पुढे जागा सोडलेली. बाकी कुठंही तिनं काही रिकामं ठेवलेलं नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी शेठजींकडे गेलो. आता ते घरीच असतात, मुलगा धंदा बघतो. त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं, रजिस्टरमधल्या आद्याक्षरांसकट. ते ऐकत राहिले. त्यांचा संताप होईल, ते मला काढून टाकतील, अशी तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर तशी आशाच होती. पण त्यांनी नुसते चष्म्याच्या काचा पुसल्या. “अब बता रहे हो, बेटा,” ते म्हणाले. “दीदी तो गईं.” एवढंच.

मागच्या रविवारी मी दिंडोरीकडच्या त्या पाड्यावर जाऊन आलो. पहिल्यांदाच. रोशनीच्या आजीला आता कमी दिसतं, पण ‘जबलपूरची दीदी’ म्हटल्यावर लगेच ओळखून तिनं विचारलं, यंदा त्या का नाही आल्या? मी सांगितलं. म्हातारी उठली आणि तिनं आतून एका कागदावर लिहिलेला मुलाचा नवा नंबर आणून दिला. दीदी आल्या की द्यायचा म्हणून जपून ठेवला होता. फोन लागला. रोशनी आता अकराव्या वर्षात आहे. तिला आता काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, वडिलांनी तिला पुढच्या महिन्यात आणायचं कबूल केलं आहे. सतराव्या ओळीत मी तेवढंच लिहिलं. खूण करायची अजून बाकी आहे. आणि मग पहिल्या पानावर जाऊन त्या रिकाम्या जागी माझं नाव लिहिलं, आद्याक्षरं नाहीत, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिनं ओळीत जागाही बरोबर तेवढीच सोडली होती.

वही आता शीतगृहात रजिस्टरच्या शेजारी असते. आज सकाळी मंडल्याची पेटी होती. पॅक टेबलावर पसरले, त्यांच्यावर पांढरं दव धरलं, आणि बाहेर नवा गाडीवाला हॉर्न द्यायला लागला. मग आत येऊन म्हणाला, साहब, और कितना टाइम? मी एक पॅक उचलून कानाला लावला आणि हलवला. अजून वाजत नव्हता. मी तो खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, बैठो भैया, दीदी का कायदा है.